बाहुलीपासून कृत्रिम स्तनापर्यंत : रूथ हँडलर यांची दुसरी कारकीर्द

नवी दिल्ली, ४ नोव्हेंबर : 'बार्बी' बाहुलीच्या निर्मात्या म्हणून रूथ हँडलर यांचे नाव जगाला परिचित आहे. खेळण्यांच्या व्यवसायात त्यांनी मिळवलेले यश आणि उभारलेली संपत्ती यांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध उपेक्षित राहिला. वयाच्या चौपन्नाव्या वर्षाच्या सुमारास स्तनाच्या कर्करोगाने त्यांना गाठले, शस्त्रक्रियेत एक स्तन गमवावा लागला आणि काही वर्षांतच स्वतः स्थापन केलेल्या कंपनीतूनही बाहेर पडावे लागले. त्यानंतर त्यांनी नवा उद्योग उभा केला. स्तनाच्या शस्त्रक्रियेतून गेलेल्या स्त्रियांना नेहमीच्या कपड्यांत सुखाने, ताठ मानेने वावरता यावे, एवढाच त्याचा हेतू होता. आज, ४ नोव्हेंबर रोजी असलेल्या त्यांच्या जयंतीनिमित्त या दुसऱ्या कारकिर्दीचा हा परिचय.

डेन्व्हरमधील बालपण

रूथ यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९१६ रोजी अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरात झाला. पोलंडमधून स्थलांतरित झालेल्या ज्यू कुटुंबातील दहा भावंडांमध्ये त्या सर्वांत धाकट्या. वडील जेकब लोहारकाम करीत. मूळचे मॉस्कोविच हे आडनाव अमेरिकेत 'मॉस्को' असे आटोपशीर झाले. आईची प्रकृती खालावल्यामुळे सहा महिन्यांच्या रूथला थोरली बहीण सारा हिच्या घरी धाडण्यात आले आणि पुढे तेच त्यांचे घर झाले. साराचे औषधांचे दुकान होते आणि तेथे सोडा व शीतपेयेही मिळत. शाळा सुटल्यावर त्या दुकानात काम करणे हा रूथ यांचा नित्यक्रम होता. गिऱ्हाइकाशी बोलणे, त्याला काय हवे ते ओळखणे आणि हिशेब चोख ठेवणे यांचे पहिले धडे त्यांना येथेच मिळाले. स्त्रीने अर्थार्जन करणे ही त्यांच्या दृष्टीने लहानपणापासूनच स्वाभाविक गोष्ट होती, कारण ज्या बहिणीने त्यांना वाढवले ती स्वतः व्यवसाय सांभाळत होती.

किशोरवयात त्यांची ओळख एलियट हँडलर या तरुणाशी झाली. एलियट चित्रकलेचे शिक्षण घेत होते आणि त्यांची परिस्थिती बेताची होती. रूथ लॉस एंजेलिसला गेल्या आणि पॅरामाउंट या चित्रपटसंस्थेत लघुलेखिका म्हणून काम करू लागल्या. एलियटही मागोमाग तेथे पोहोचले. १९३८ मध्ये दोघांचा विवाह झाला. १९४१ मध्ये मुलगी बार्बरा आणि १९४४ मध्ये मुलगा केनेथ यांचा जन्म झाला.

नावात नसलेली भागीदार

त्या काळात पारदर्शक, टणक प्लॅस्टिकचे नवे प्रकार बाजारात येत होते. एलियट त्यांपासून घरगुती वापराच्या सुबक वस्तू बनवीत आणि रूथ त्या विकत. ही विभागणी आयुष्यभर टिकली. एलियट यांच्या हातात कला होती. बाजाराची नाडी रूथ यांना कळत होती. १९४५ मध्ये एलियट आणि त्यांचे मित्र हॅरल्ड मॅटसन यांनी छायाचित्रांच्या चौकटी बनवणारा लहानसा कारखाना सुरू केला. मॅटसन यांच्या नावातील 'मॅट' आणि एलियट यांच्या नावातील 'एल' जोडून 'मॅटेल' हे नाव तयार झाले. माल विकण्याचा भार ज्यांनी उचलला, त्या रूथ यांच्या नावाचे एक अक्षरही त्यात नव्हते. मॅटसन लवकरच व्यवसायातून बाहेर पडले. चौकटींच्या उरलेल्या तुकड्यांतून बाहुलीघराचे फर्निचर बनू लागले आणि मॅटेल खेळण्यांकडे वळली.

१९५५ मध्ये रूथ आणि एलियट यांनी एक धाडसी निर्णय घेतला. मुलांसाठीच्या एका नव्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात वर्षभर जाहिरात करण्यासाठी त्यांनी ५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. ही रक्कम त्या वेळच्या मॅटेलच्या एकूण मूल्याएवढी होती. तोवर खेळण्यांची जाहिरात प्रामुख्याने नाताळच्या हंगामात आणि पालकांना उद्देशून होत असे. ती थेट मुलांपर्यंत आणि वर्षभर पोहोचू लागल्यावर या व्यवसायाचे रूपच पालटले.

बार्बीचा जन्मही अशाच निरीक्षणातून झाला. बार्बरा आणि तिच्या मैत्रिणी कागदी बाहुल्यांशी खेळताना स्वतःला मोठ्या स्त्रिया समजून संवाद रचतात, हे रूथ यांच्या लक्षात आले होते. बाजारातील बाहुल्या मात्र बहुतांशी तान्ह्या बाळांच्या होत्या. प्रौढ स्त्रीचे शरीर असलेली बाहुली बनवण्याची कल्पना त्यांनी मांडली, तेव्हा कंपनीतील पुरुष सहकाऱ्यांना ती रुचली नाही. स्तन असलेली बाहुली कोणतीही आई आपल्या मुलीला विकत घेऊन देणार नाही, असे त्यांचे मत होते. १९५६ च्या युरोप प्रवासात स्वित्झर्लंडमध्ये रूथ यांना 'लिली' नावाची जर्मन बाहुली दिसली. एका वृत्तपत्रातील व्यंगचित्रावरून ती बनवली होती आणि तिचा ग्राहक मुख्यतः प्रौढ पुरुष होता. रूथ यांनी ती बाहुली सोबत आणली आणि आपल्या तंत्रज्ञांपुढे ठेवली.

९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळाव्यात बार्बी प्रथम मांडण्यात आली. तिची किंमत ३ डॉलर होती. घाऊक खरेदीदारांनी फारसा उत्साह दाखवला नाही. मुलींनी मात्र तिला उचलून धरले आणि पहिल्याच वर्षी सुमारे ३ लाख बाहुल्या विकल्या गेल्या. वेशभूषाकार शार्लट जॉन्सन यांनी तिच्यासाठी इवलेसे पोशाख तयार केले. त्यांना खरी बटणे, खऱ्या झिप आणि अस्तरे होती. शरीराच्या घडणीला कपडा नेमका बसला पाहिजे, हा आग्रह बाहुलीच्या कपड्यांतही होता, याची नोंद पुढील कथेसाठी घ्यायला हवी. १९६१ मध्ये बार्बीच्या जोडीला मुलाच्या नावाचा 'केन' आला. १९६५ मध्ये मॅटेलची विक्री १० कोटी डॉलरच्या पुढे गेली आणि १९६७ मध्ये रूथ कंपनीच्या अध्यक्ष झाल्या.

बार्बीच्या कमनीय बांध्यावर तेव्हापासून टीका होत आली आहे. हाडामांसाच्या स्त्रीला अशक्य असलेला देह मुलींपुढे आदर्श म्हणून ठेवला, हा आक्षेप आजही कायम आहे. स्त्रीदेहाची एक अवास्तव प्रतिमा घरोघर पोहोचवणाऱ्या या उद्योजिकेला पुढे अपूर्ण राहिलेल्या स्वतःच्या देहाशी जुळवून घ्यायचे होते.

शस्त्रक्रिया आणि पडद्याआडचा संकोच

१९७० मध्ये रूथ यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि शस्त्रक्रिया करून त्यांचा डावा स्तन काढण्यात आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदाने रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथीही काढल्या जात. त्यामुळे छाती खोलगट दिसे आणि हाताच्या हालचालीवर बंधने येत. रूथ यांच्यावर झालेली शस्त्रक्रिया त्या पद्धतीचे सुधारित रूप होती आणि तीत छातीचा मोठा स्नायू राखला जाई. तरीही शरीराची एक बाजू सपाट होण्याचे दुःख तेच होते.

त्या काळी या आजाराचे नावही उघडपणे घेतले जात नसे. टेरीस लॅसर या स्वतः शस्त्रक्रियेतून गेलेल्या महिलेने १९५२ मध्ये 'रीच टू रिकव्हरी' हा उपक्रम सुरू केला होता. बऱ्या झालेल्या स्त्रिया रुग्णालयात जाऊन नव्या रुग्णांना धीर देत, हाताचे व्यायाम शिकवत आणि तात्पुरता कृत्रिम स्तन देत. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हा उपक्रम आपल्याकडे घेतला. मात्र रुग्णालयातून घरी परतल्यावर रोज काय घालायचे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर बाजारात नव्हते.

रूथ यांनाही हाच अनुभव आला. लॉस एंजेलिस परिसरातील एका प्रतिष्ठित दुकानात त्या कृत्रिम स्तन घेण्यास गेल्या, तेव्हा संकोचलेल्या विक्रेतीने पडद्याआडून वस्तू हातात दिली आणि ती निघून गेली. माप घेणे नाही, कसे घालायचे ते सांगणे नाही. मिळालेली वस्तू ओबडधोबड होती आणि तिला डावी-उजवी बाजूही नव्हती. हालचालीबरोबर ती जागची सरके आणि आरशात दोन्ही बाजू जुळत नसत. विशीतल्या बार्बीच्या पोशाखाची शिवण न् शिवण तपासणाऱ्या रूथ यांना एक गोष्ट लगेच उमगली. ही वस्तू बनवणाऱ्यांनी ती कधी अंगावर घातलेली नव्हती.

शस्त्रक्रियेनंतर आपला आत्मविश्वास खचला आणि व्यवसायावरील पकड सुटली, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. मॅटेलपुढेही त्याच सुमारास संकटे उभी राहिली. १९७० मध्ये मेक्सिकोतील कारखान्याला आग लागली. पाठोपाठ बंदर कामगारांच्या संपामुळे आशियातून येणारा माल अडकला. विक्रीचे आकडे फुगवून नफा दाखवल्याचे आरोप झाले, शेअर बाजाराच्या नियामकांनी चौकशी सुरू केली आणि १९७५ पर्यंत हँडलर दांपत्याचा मॅटेलच्या व्यवस्थापनाशी असलेला संबंध संपुष्टात आला. साठीच्या उंबरठ्यावर रूथ यांच्याकडे पैसा होता. काम आणि प्रतिष्ठा मात्र दोन्ही हातातून गेले होते.

'निअरली मी'

याच काळात त्यांची गाठ पेटन मॅसी यांच्याशी पडली. मॅसी सांता मोनिका येथे कृत्रिम अवयव बनवीत. त्यांनी रूथ यांच्यासाठी एक कृत्रिम स्तन तयार केला. आधी वापरलेल्या वस्तूंपेक्षा तो कितीतरी सरस होता. मात्र एकेका स्त्रीसाठी हाताने घडवलेली वस्तू फार थोड्यांपर्यंत पोहोचते, हे रूथ यांना दिसत होते. तयार मालाच्या रूपात, ठरावीक मापांत आणि परवडेल अशा किमतीत हेच करता येईल का, हा प्रश्न त्यांनी मॅसी यांच्यापुढे ठेवला. १९७६ मध्ये त्यांनी 'रूथटन' ही कंपनी स्थापन केली. या वेळी कंपनीच्या नावात रूथ होत्या. उत्पादनाचे नाव ठेवले 'निअरली मी', म्हणजे जवळजवळ माझ्यासारखाच.

हे नावही विचारपूर्वक निवडलेले होते. गमावलेला अवयव परत मिळतो, असा दावा त्यात नव्हता.

उत्पादनामागचा विचार सोपा होता. पायांतली जोडी डावी-उजवी असते, मग कृत्रिम स्तन दोन्ही बाजूंना एकच कसा चालेल? स्तनाचा आकार काखेकडे निमुळता होत जातो आणि दोन्ही बाजू एकमेकींचे आरशातले प्रतिबिंब असतात. म्हणून रूथटनने डावा आणि उजवा असे वेगळे साचे केले. मापे ब्रेसियरच्या प्रचलित मापांप्रमाणे ठेवली. त्यामुळे आपला नेहमीचा क्रमांक सांगून स्त्रीला योग्य वस्तू मागता येऊ लागली.

दुसरा मुद्दा साहित्याचा होता. नुसता फोम हलका असतो. तो वर सरकतो आणि ब्रेसियरची ती बाजू उचलली जाते. 'निअरली मी'मध्ये द्रवरूप सिलिकोन पॉलियुरेथेनच्या पातळ आवरणात भरलेले होते आणि पाठीमागे फोमचा आधार होता. सिलिकोनला वजन असते, चालताना ते शरीराबरोबर हलते आणि काही वेळात अंगाची ऊब धरते. मागच्या आधारामुळे आकार टिकतो आणि छातीवरील नाजूक त्वचेला थेट दाब लागत नाही. वजनाचा मुद्दा केवळ दिसण्यापुरता नाही. भरदार बांध्याच्या स्त्रीचा एक स्तन काढला गेला, की खांद्यांवरचा भार असमान होतो. अनेकींना खांदा उचलून किंवा वाकून चालण्याची सवय लागते आणि मान व पाठ दुखू लागते. दोन्ही बाजूंचे वजन जुळले, की उभे राहण्याची ढबही सुधारते.

तिसरा मुद्दा अंतर्वस्त्राचा. कृत्रिम स्तन कितीही चांगला असला, तरी तो धरून ठेवते ती ब्रा. अशा ब्रेसियरच्या आतील बाजूस मऊ कापडाचा खिसा असतो, त्यामुळे आतली वस्तू वाकताना बाहेर येत नाही. पट्टे रुंद असतात, म्हणजे भार खांद्यात रुतत नाही. गळा आणि काखेकडील भाग थोडा उंच कापलेला असतो, त्यामुळे व्रण झाकला जातो. तारा टाळल्या जातात, कारण त्या व्रणाला टोचतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हात वर किंवा मागे नेणे कठीण असते, म्हणून पुढे हूक असलेली ब्रा सोयीची ठरते. जखम भरेपर्यंत साधारण ६ ते ८ आठवडे हलका, मऊ भरावाचा पॅड वापरतात. सिलिकोनचा वजनदार स्तन त्यानंतर, डॉक्टरांच्या सल्ल्याने. आता सर्वमान्य झालेल्या या गोष्टी अनेक उत्पादकांच्या प्रयत्नांतून हळूहळू घडत गेल्या. जर्मनीतही १९७५ मध्ये 'अमोएना' ही कंपनी सिलिकोनच्या कृत्रिम स्तनांच्या निर्मितीत उतरली होती. रूथ यांचे वैशिष्ट्य असे, की स्त्रीने नेहमीची ब्रा आणि नेहमीचा ब्लाउज घालून छाती पुढे काढून चालावे, हे उद्दिष्ट त्यांनी पहिल्यापासून डोळ्यांपुढे ठेवले.

दुकानातली खोली

वस्तू तयार झाली, तरी ती विकायची कशी हा प्रश्न उरत होता. पडद्याआडून हातात दिली गेलेली ती वस्तू रूथ विसरल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांनी विक्रीच्या पद्धतीलाच हात घातला. 'निअरली मी' मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या अंतर्वस्त्र विभागात ठेवली जाई. जेथे इतर स्त्रिया कपडे घेण्यास येतात तेथेच या स्त्रियाही याव्यात, असा त्यामागे विचार होता. रूथ यांच्या पथकात बहुतेक मध्यमवयीन स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी अनेकजणी याच आजारातून गेल्या होत्या. हे पथक शहरोशहरी जाई, दुकानातील विक्रेत्यांना माप घेण्याचे व घालून दाखवण्याचे प्रशिक्षण देई आणि आलेल्या प्रत्येक स्त्रीला स्वतंत्र खोलीत, सवडीने मदत करी. रूथ स्वतः मापे घेत. ग्राहक संकोचली, तर त्या स्वतःच्या ब्लाउजची बटणे काढून आपली छाती दाखवीत. खरा स्तन कोणता आणि कृत्रिम कोणता, हे ओळखण्याचे आव्हान त्या पत्रकारांनाही देत. कोट्यवधींची कंपनी चालवलेली स्त्री कपडे बदलण्याच्या अरुंद खोलीत गुडघ्यांवर बसून अनोळखी स्त्रीच्या ब्रेसियरचे पट्टे जुळवते, हे दृश्य त्या वर्षांत अमेरिकेतील अनेक शहरांनी पाहिले.

वातावरणही बदलत होते. पूर्वीची बालकलाकार शर्ली टेंपल ब्लॅक यांनी १९७२ मध्ये आपल्या शस्त्रक्रियेविषयी जाहीरपणे सांगितले. सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर स्तनाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी ती लपवली नाही. त्यानंतर देशभरातील स्त्रिया तपासणीसाठी पुढे येऊ लागल्या. याच बेटी फोर्ड पुढे 'निअरली मी'च्या ग्राहक झाल्या आणि त्यांचे माप रूथ यांनी स्वतः घेतले. १९८० पर्यंत या उत्पादनाची विक्री १० लाख डॉलरच्या पुढे गेली. मॅटेलच्या तुलनेत हा आकडा किरकोळ होता. रूथ यांच्या लेखी मात्र या कामाने त्यांना पुन्हा उभे केले.

न्यायालय आणि प्रायश्चित्त

मॅटेलचा भूतकाळ मात्र पाठ सोडत नव्हता. १९७८ मध्ये रूथ यांच्यावर आर्थिक गैरव्यवहार आणि नियामकांना खोटी माहिती दिल्याचे आरोप ठेवण्यात आले. त्यांनी आरोपांना न्यायालयात आव्हान दिले नाही. न्यायालयाने त्यांना ५७ हजार डॉलर दंड आणि २,५०० तासांची समाजसेवा ठोठावली. आपण हेतुपुरस्सर गैरकृत्य केले नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत कायम होती. त्यांच्या चरित्रातील हा डाग पुसण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या स्त्रियांसाठी त्यांनी केलेले काम त्यामुळे खोटे ठरत नाही आणि त्या कामामुळे मॅटेलच्या भागधारकांचे नुकसानही भरून निघत नाही. दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या आयुष्यात, एकाच दशकात घडल्या.

झाकणे की वावरणे?

कृत्रिम स्तनाविषयीचा मतभेदही येथे नोंदवायला हवा. अमेरिकन कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांच्यावर १९७८ मध्ये स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झाली आणि १९८० मध्ये त्यांचे 'द कॅन्सर जर्नल्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. रुग्णालयात भेटीस आलेल्या स्वयंसेविकेने दिलेला लोकरीचा फिकट गुलाबी पॅड आणि तो न लावता दवाखान्यात गेल्यावर ऐकावा लागलेला उपदेश यांचा अनुभव लॉर्ड यांनी मांडला. स्त्रीने आजारातून उठताच प्रथम पूर्ववत दिसावे, ही अपेक्षा तिच्या दुःखाला आणि रागाला वाव देत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. लॉर्ड यांनी कृत्रिम स्तन वापरण्याचे नाकारले.

रूथ यांची वाट वेगळी होती. पण दोघींच्या तक्रारीचे मूळ एकच होते. स्त्रीला काय वाटते हे न विचारता तिच्या हातात काहीतरी कोंबून तिला वाटेला लावले जात होते. लॉर्ड यांनी ती वस्तू नाकारण्याचा हक्क मागितला. रूथ यांनी ती वस्तू नीट बनवण्याचा आणि आदराने देण्याचा आग्रह धरला. आज काही स्त्रिया शस्त्रक्रियेने स्तनाची पुनर्रचना करून घेतात, काही कृत्रिम स्तन आणि खिशाची ब्रा वापरतात, तर काही सपाट छातीनेच वावरतात. हे तिन्ही पर्याय सन्मान्य मानले जाऊ लागले आहेत आणि या बदलात दोघींचाही वाटा आहे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने, स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च देणाऱ्या विमा कंपन्यांवर पुनर्रचनेचा आणि कृत्रिम स्तनाचा खर्च देण्याचेही बंधन घातले. चैनीच्या यादीतून ही वस्तू उपचाराच्या यादीत आली.

अखेरची वर्षे

१९९१ मध्ये रूथ यांनी रूथटन ही कंपनी किंबर्ली-क्लार्कच्या स्पेन्को या शाखेला विकली. १९९४ मध्ये त्यांचे 'ड्रीम डॉल' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मुलगा केनेथ यांच्या निधनाचा आघात त्यांना सोसावा लागला. २७ एप्रिल २००२ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. एलियट यांचे निधन २०११ मध्ये झाले. २०२३ मध्ये झळकलेल्या 'बार्बी' या हॉलिवूडपटात रूथ यांची व्यक्तिरेखा रिया पर्लमन यांनी साकारली. त्यांच्या शस्त्रक्रियेचा त्यात ओझरता उल्लेख आला आणि नव्या पिढीला या बाजूची थोडीशी ओळख झाली. 'निअरली मी' हे नाव मात्र त्यांच्या निधनानंतरही बाजारात टिकून राहिले.

भारतातील प्रश्न

रूथ हँडलर यांनी अर्धशतकापूर्वी हाती घेतलेला प्रश्न आज भारतातील लाखो कुटुंबांचा आहे. भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची नोंद झाली. शस्त्रक्रिया होते, केमोथेरपी होते, घरचे लोक धावपळ करतात. पण घरी परतलेल्या स्त्रीने ब्लाउज कसा घालायचा, हे विचारायला कोणाला सुचत नाही आणि तिलाही ते मोठ्याने विचारवत नाही. मग ब्लाउजमध्ये कापूस किंवा रुमालाची घडी ठेवून वेळ निभावली जाते. पदर अधिक ओढून घेतला जातो आणि लग्नकार्याला जाणे टाळले जाते.

यावरील काही उपाय खर्चिक नाहीत. नेहमीच्या सुती ब्रेसियरच्या आत मऊ कापडाचा खिसा शिवून घेता येतो. ओळखीची शिवणकाम करणारी बाई ब्लाउजची काख थोडी वर घेऊन आणि पुढे हूक ठेवून तो शिवू शकते. जखम बरी झाल्यावर कोणता पॅड किंवा कृत्रिम स्तन वापरावा, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला विचारता येते आणि ते विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. खरेदी करताना बाजू कोणती, माप कोणते आणि वजन दुसऱ्या बाजूशी जुळते का, या तीन गोष्टी पाहाव्यात. घालून, वाकून, हात वर करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बार्बीच्या निर्मात्या म्हणून रूथ हँडलर यांचे नाव खेळण्यांच्या इतिहासात राहील. मात्र कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेर पडताना ज्या स्त्रियांनी आरशात स्वतःकडे अनेक महिन्यांनी प्रथमच नीट पाहिले, त्यांच्या स्मरणात राहिली ती पट्टे जुळवून देणारी पिकल्या केसांची बाई.